मागची डावी सीट

१

बातमी आली त्या रविवारी सकाळी गंगाधर सर निम्मे गाडीत आणि निम्मे गाडीबाहेर होते. गुडघे शेडच्या फरशीवर, डोकं पुढच्या सीटखाली आणि हातात ओजसने दिवाळीत पुण्याहून आणलेला व्हॅक्यूम क्लीनर. यंत्र जेमतेम वीतभर. त्याची वायर गाडीच्या सिगारेट लायटरच्या भोकात खोचायची, बटण दाबायचं, की काडेपेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखा आवाज सुरू. दिवाळीपासून ते खोक्यातच पडून होतं. "बाबा, एकदा तरी वापरा हो," असं ओजस दर फोनला म्हणायचा आणि सर दर फोनला "उद्या" म्हणायचे. घरकामाला येणाऱ्या आवडीने न विचारता त्याचं नाव सोंड ठेवून टाकलं होतं.

सर महाडच्या हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवत होते. त्यामुळे सोंडेने ओढलेला कचरा नुसता फेकून देणं त्यांना जमणारं नव्हतं. शेडच्या तोंडाशी त्यांनी वर्तमानपत्र पसरलं होतं आणि प्रत्येक सीटखालचा माल वेगळा ओतला होता. ड्रायव्हरच्या सीटखाली खडूची भुकटी; हे आपण. पुढे डावीकडे शेंगांची टरफलं, हा ओजस. मागे उजवीकडे चैत्रालीच्या लग्नातल्या अक्षता, सव्वा वर्षापूर्वीच्या, अजून पिवळ्या. आणि मागे डावीकडे, कालिंदीच्या जागेवर, गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, दोन चिंचोके, एक आकडा आणि केस.

कालिंदी कधी पुढे बसली नाही. पुढे बसलं की समोरून येणारा प्रत्येक ट्रक आपल्याच अंगावर येतो, असं तिचं मत होतं. ती मागे डावीकडे बसायची, डोळे मिटायची आणि दर वळणावर "अहो, हळू" म्हणायची. मिटल्या डोळ्यांनी हिला वळण कळतं कसं, हे सरांना पंचवीस वर्षांत उलगडलं नव्हतं. जूनमध्ये ती गेली.

केसांकडे बघत सर उकिडवे बसले होते, तेवढ्यात घरात फोन वाजला. सर चालत्या सोंडेसकट उठले. वायर ताणून निसटली, भुंगा गप्प झाला, आणि सोंड हातात घेऊनच ते फोनपाशी पोचले.

"बाबा, मुलगी!" पोलादपूरहून जावई, निषाद, ओरडत होता. "सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. चैत्राली छान आहे. बाळ तुमच्यावर गेलंय म्हणते."

"म्हणजे टक्कल आहे का?"

पलीकडून हसू आलं आणि इकडे सरही हसले. आठ महिन्यांत त्या घरात इतक्या मोठ्याने कुणी हसलं नव्हतं. मग ठरवाठरवी झाली. बाराव्या दिवशी, गुरुवारी, बारसं पोलादपूरला. बारसं आटोपलं की आजोबांनी लेकीला आणि नातीला आपल्या गाडीतून महाडला न्यायचं.

सर परत शेडमध्ये आले. टरफलं, खडू, अक्षता झटकून टाकल्या. केस मात्र कागदात घालून पुडी केली आणि टेबलाच्या खणात ठेवली. का ठेवली, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

२

मंगळवारी शुभदा आली. सरांची धाकटी बहीण, पेणला असते. चैत्रालीचं बाळंतपण आपणच करणार हे तिने जूनमध्येच जाहीर केलं होतं. बोलायला बसली की समोरच्याला फक्त मान हलवायचं काम उरतं.

"दादा, तुझ्या गाडीला शाळेचा वास येतोय," तिने पहिल्याच दिवशी निकाल दिला. "पोरगी शिंकून शिंकून बेजार होईल. पुन्हा फिरव ते तुझं मशीन."

"रविवारीच फिरवलंय."

"मग काय झालं? परीक्षेच्या आधी उजळणी करतात ना?"

बुधवारी शाळा सुटल्यावर सरांनी उजळणी केली. पुन्हा वर्तमानपत्र पसरलं. ड्रायव्हरच्या सीटखाली तीन दिवसांचा खडू, चिमूटभर. पुढे डावीकडे काही नाही. मागे उजवीकडे काही नाही. मागे डावीकडे सोंड फिरवली आणि तिचं भांडं कागदावर उपडं केलं, तर केस. चार, पाच, सात. लांब.

आवडी अंगण झाडत होती. झाडू तसाच धरून ती वाकून बघू लागली.

"मास्तर, धूळ चाळून सोनं काढताव की काय?" मग केस दिसल्यावर तिने मागे हाक दिली, "शुभाताय, तुमचं केस पडलंत गो इथं."

शुभदा दारात आली. तिचे केस कानाच्या वर कापलेले. "माझे? अगं, माझे एवढे लांब असते तर मी पेणला राहिले असते का? सिनेमात गेले असते."

आवडीने एक केस उचलला, बोटांतून ओढला आणि नाकाशी नेला. "तेल हाय याला. माक्याचं. बाई घालायच्या ना, तसलं."

"जुना असेल," सर म्हणाले.

"जुना कुठला वो? जुन्या केसाला तेल ऱ्हातंय होय? धुळीनं कवाच कोरडा झाला असता." तिने सगळे केस बोटाभोवती गुंडाळले, सवयीने त्यावर "थू थू" केलं आणि कुंपणापलीकडे फेकायला हात वर केला.

"राहू दे, आवडी. इकडे दे."

"ऱ्हाऊ दे तर ऱ्हाऊ दे. मला काय करायचंय त्येचं? वेणी घालू?"

दोघी हसत घरात गेल्या. माक्याचं तेल कालिंदी स्वतः उकळायची. शेवटची बाटली गणपतीत रिकामी झाली होती. सरांनीच ती घासून उपडी घातली होती.

३

त्या संध्याकाळी सरांनी खणातली पुडी काढली आणि दोन्ही वेळचे केस टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. शाळेची पट्टी घेतली.

इथे कालिंदीचं एक गुपित सांगायला हवं, जे अख्ख्या आळीला माहीत होतं. ती केसांना कलप लावायची. शेवटचा लावला तो पाडव्याच्या आदल्या दिवशी, एप्रिलमध्ये. मग आजारपण आलं आणि कलप राहून गेला. जूनमध्ये ती गेली तेव्हा भांगाच्या दोन्ही बाजूंना मुळाशी बोटाच्या पेराएवढं पांढरं आलं होतं. "बघा, खरं वय बाहेर पडलं शेवटी," असं ती दवाखान्यात नर्सला म्हणाली होती.

रविवारच्या केसांना मुळाशी पांढरं होतं ते अर्धा इंच, पाऊण इंच, एका केसाला जवळजवळ एक इंच. बरोबर आहे. एप्रिल ते जून, दोन महिने. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो, हे सर दरवर्षी आठवीला सांगायचे आणि मागच्या बाकावरची पोरं एकमेकांचे केस ओढून पडताळा घ्यायची.

बुधवारच्या केसांवर सरांनी पट्टी ठेवली. पांढरं, पांढरं, पांढरं, मग काळं. जिथे काळं सुरू झालं तिथे नखाने खूण केली. पाच इंच. दुसरा केस, पाच. तिसरा, पाचाला दोन रेघा कमी.

एप्रिल ते फेब्रुवारी, दहा महिने. दहा गुणिले अर्धा.

सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा मोजलं. शुभदा आतून ओरडली, "दादा, आमटी गार होतेय, पेपर नंतर तपास!" सर जेवायला गेले. आमटी छान झाली होती. ते दोनदा भात घेऊन जेवले, आणि मधेच घास थांबवून त्यांनी विचार केला, की आळीत कलप लावणाऱ्या बायका काही थोड्या नाहीत. वाऱ्याने केस उडतात. शेडला दार नाही.

गाडीला मात्र होतं. काचाही बंद होत्या.

४

सरांना कशाची आठवण होत होती ते सांगतो.

सावित्रीच्या काठी कालिंदीचं दहावं होतं. पाऊस तासभर उघडला होता. पिंड मांडला होता आणि कावळा समोरच्या करंजावर बसून, एखादा इन्स्पेक्टर वर्गात बसावा तसा, सगळ्यांकडे बघत होता. खाली उतरायचं नाव नाही. मग रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन गेलेल्या माणसाला शब्द द्यायला सुरुवात केली.

"आई, मी पुढच्या वर्षी लग्न करतो," ओजस म्हणाला. कावळ्याने पाठ फिरवली.

"वहिनी, तुमच्या तुळशीला आम्ही पाणी घालू," शेजारचे कुशाबा म्हणाले. काही नाही.

"आई, चैत्रालीला मी कधी उलट बोलणार नाही," निषाद म्हणाला. कावळा ओरडला, आणि त्या प्रसंगातही चार माणसांना हसू लपवावं लागलं.

अर्धा तास झाला. गुरुजींनी घड्याळ बघितलं. पावसाचा दुसरा ढग वर आला होता. कावळ्याला भूक असेल तर तो येतो, नसेल तर येत नाही, हे वर्गात शिकवणारे सर धोतर सावरत उभे होते आणि त्यांना लाज वाटत होती, रागही येत होता. लोकांचं जेवण खोळंबलंय, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मग त्यांना दवाखान्यातली कालिंदी आठवली. चैत्रालीने दिवस राहिल्याचं आईच्या कानात सांगितलं, तेव्हा ती सरांना म्हणाली होती, "घरी आणाल तेव्हा पहिलं माझ्या मांडीवर. आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर शुभा मध्ये घुसेल."

सर पुटपुटले, "चैत्रालीचं बाळ आपल्याच गाडीतून आणीन. पहिलं तुझ्या मांडीवर देईन. आता ये."

"ये" म्हणून होतं न होतं तोच कावळा खाली आला.

"काय सांगितलंत हो?" गुरुजींनी विचारलं.

"काही नाही," सर म्हणाले. आणि ते विसरून गेले. खरंच विसरले. लोक सुटावेत म्हणून बोललेला शब्द. त्याचं पुढे काय करायचं असतं?

५

बोर्डाच्या परीक्षेचे गठ्ठे सील करण्यात सरांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. शनिवारी दुपारी त्यांनी गाडी मागच्या सीटपासून डिकीपर्यंत साफ केली, स्वतः डोळ्यांनी तपासली, काचा चढवल्या, आणि चारही दारांवर आणि डिकीवर कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवून प्रत्येकीवर आडवी सही केली. खाली तारीख.

"पेपर फुटेल म्हणून भीती वाटते का रे?" शुभदा ओट्यावर डिंक तळत होती, तिथून म्हणाली.

"मांजर बसतंय आत."

"मांजराला सही वाचता येते वाटतं."

रविवारी सकाळी पाचही सह्या जागच्या जागी होत्या. सरांनी ब्लेडने डाव्या मागच्या दाराची पट्टी कापली. आत माक्याचा वास होता, नुकतंच कुणी न्हाऊन उन्हात बसल्यासारखा. सीटच्या पाठीला, डोकं टेकतं तिथे, तीन केस चिकटलेले.

सरांनी सोंड सुरू केली. पाठीवरून केस गेले. मग ती बसायच्या भागावर फिरवली, कडेकडेने, आतून बाहेर. रेक्झिनचं कव्हर गुळगुळीत होतं, ओढून बसवलेलं. आणि अचानक आवाज बदलला.

पडदा किंवा पातळाचा काठ सोंडेत गेला की यंत्र कसं घुसमटतं, ते वापरणाऱ्याला कळतं. भुंग्याचा आवाज खाली, खाली उतरला, सोंड हातात जड झाली आणि एका जागी रुतून बसली. सीटच्या वर चार बोटं. तिच्या तोंडाखाली काही नव्हतं. सरांनी ओढली, ती पलीकडूनही ओढली गेली. जोराने नाही. काठ अडकला की बाई आपला काठ सोडवून घेते, तेवढ्याच.

त्यांनी बटण बंद केलं. कापड सुटल्यावर येतो तसा सळसळ आवाज झाला. मग शांत.

बॅटरी उतरली असेल, हा पहिला विचार. सरांनी हॉर्न वाजवून पाहिला. खणखणीत वाजला. घरातून शुभदा म्हणाली, "आले, आले! कुठे निघालोय?"

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी सरांना आनंद झाला होता. तो लपवण्यात अर्थ नाही. आठ महिने ज्या जागेकडे आरशातही बघवत नव्हतं, तिथे कुणी बसतंय. पण ते विज्ञानाचे शिक्षक होते. केस वाढतो, म्हणजे तो कशातून तरी वाढतो. तिसऱ्या दिवशी अस्थी त्यांनी स्वतःच्या हाताने वेचल्या होत्या, लहान लहान, गार झालेल्या, आणि मडक्यात भरल्या होत्या. त्यात मांडी नव्हती. बाळ जिच्यावर द्यायचं ती मांडी आता कशाची असेल, हा प्रश्न त्यांनी मनात पूर्ण होऊ दिला नाही.

गुरुवारला चार दिवस होते.

६

सोमवारी त्यांनी कुशाबांना गाठलं. "तुमच्या भाच्याची सुमो मिळेल का गुरुवारी?"

"मिळंल की. पण तुमची गाडी?"

"क्लच जरा धरतोय."

कुशाबांनी ती गोष्ट तासाभरात शुभदाला सांगितली, शुभदाने फोनवर चैत्रालीला, आणि संध्याकाळी चैत्रालीचा फोन आला.

"बाबा, क्लचला काय झालंय? शनिवारी तर ओजस म्हणाला, बाबा रोज गाडी साफ करतायत."

"साफ करण्याचा आणि क्लचचा काय संबंध?"

"मला नाही त्या सुमोतून यायचं. दहा माणसं कोंबलेल्या गाडीतून आम्ही दोघी येणार नाही." मग तिचा आवाज जरा खाली आला. "बाबा, मी आईच्या जागेवर बसणार आहे, हिला मांडीवर घेऊन. तिची एवढी इच्छा होती. तेवढं तरी करू द्या."

मागे बाळ रडायला लागलं. इतकं चिवट, इतकं नवं कोरं रडणं, की सर ऐकतच राहिले.

"ऐकलंत? नातसुद्धा नाही म्हणतेय सुमोला."

"बरं," सर म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांनी ठरवलं, की त्या सीटवर कुणाला बसूच द्यायचं नाही. ना चैत्रालीला, ना बाळाला. जागाच उरू द्यायची नाही.

७

गुरुवारी सकाळी सरांनी मागच्या डाव्या सीटवर डिंकाच्या लाडवांचा डबा, बाळंतविड्याची पिशवी, दुपटी, वाळा-घुंगरू, एक मोठा नारळ आणि वर शेवग्याच्या शेंगांची जुडी असा ढीग रचला. शुभदा उजवीकडे बसली.

"डिकी कशासाठी दिलीय कंपनीने?" ती म्हणाली.

"लाडू फुटतील."

"लाडू फुटतील आणि मी चेंगरले तरी चालेल."

नडगाव गेलं. पुढे एक उजवं वळण आलं. सरांनी ते आवरून घेतलं, तरी मागे धडाधड आवाज झाला आणि शुभदा किंचाळली, "दादा! अरे सगळं सामान माझ्या अंगावर! नारळ मेला पायावर पडला. वळणावर हळू घे की जरा."

"लागलं का?"

"लाडू वाचले."

ती हसत सामान रचू लागली. सर पुढे बघत होते. वळण उजवीकडचं होतं. सामान डावीकडे, दारावर जायला हवं होतं. आठवीच्या मुलालाही हे सांगता येईल.

पोलादपूरला निषादच्या घरी अंगणभर चपला होत्या. पाळणा झेंडूने सजला होता, त्याखाली घुगऱ्यांची परात. बायका एका सुरात गात होत्या आणि मध्येच कुणाचं तरी चुकलं की सगळ्या हसत होत्या. नाव दिशा ठेवलं. आत्याने ते कानात इतक्या जोरात सांगितलं, की दिशा दचकली आणि विहीणबाई म्हणाल्या, "अगं, कुर्रर्र करायचं असतं, दवंडी नाही पिटायची!" सरांनी नातीला हातात घेतलं. मऊ, गरम, एका वहीएवढं वजन. टक्कल नव्हतं. दाट काळं जावळ होतं. चार दिवसांत प्रथमच त्यांना वाटलं, आपण म्हातारे होऊन काहीबाही मोजत बसलो.

चारच्या सुमाराला निघायची तयारी झाली. उन्हं अंगणात तिरपी आली होती. निषादने सगळं सामान डिकीत कोंबलं आणि मागचं डावं दार उघडून उभा राहिला. मागची सीट रिकामी, स्वच्छ.

"बाबा, हिला जरा धरा. नाहीतर सीटवर ठेवा क्षणभर," चैत्राली कानटोपी बांधत म्हणाली. "मी पलीकडून आत शिरते, मग घेते."

सर बाळ घेऊन उघड्या दारात वाकले. हात पुढे झालेच होते.

सीटचं कव्हर हललं. मध्यभागी आधीच एक खळगा होता, कुणी बसलं की पडतो तसा. तो रुंदावला. कड ताणली, सैल झाली, पुन्हा ताणली. बाळ घ्यायच्या आधी बाई दोन्ही गुडघे जुळवते, पातळ नीट करते, मांडी सपाट करते, अगदी तसं. मग सगळं स्थिर झालं. वाट बघत.

दिशाने डोळे उघडले आणि ती तिकडे बघू लागली.

"ठेवा ना," चैत्राली म्हणाली.

सर मागे सरले. "तू पुढे बस."

"पुढे? मी सांगितलं होतं ना, मला आईच्या..."

"पुढे बस, चैतू."

शाळेतला आवाज होता तो. चैत्रालीने वडिलांकडे पाहिलं, निषादने सासऱ्यांकडे पाहिलं, आणि विहीणबाईंनी "उन्हं उतरायच्या आत निघा बाई" म्हणून विषय बुजवला. चैत्राली पुढे बसली. सरांनी बाळ तिच्याकडे दिलं आणि दोन्ही दारं स्वतः लावली.

"मग मागे मी एकटीच राणी," शुभदा पाय पसरत म्हणाली.

८

सर तीसच्या वेगाने गाडी चालवत होते. कशेडी उतरून आलेले ट्रक मागून हॉर्न देत होते आणि पुढे जाताना क्लीनर डोकं बाहेर काढून काहीतरी सुनावत होते.

"बाबा, चालत गेलो असतो तर आत्तापर्यंत पोचलो असतो," चैत्राली म्हणाली. तिचा रुसवा पोलादपूरच्या वेशीपर्यंतच टिकला होता. दिशा तिच्या मांडीवर झोपली होती.

"घाई कसली आहे?"

मागे शुभदा मघाचं पाळण्याचं गाणं गुणगुणत होती, शब्द विसरत, स्वतःचे घालत. लोहाऱ्याच्या आसपास तिचं गुणगुणणं बारीक झालं. सरांनी आरशात पाहिलं. ती उजव्या काचेला डोकं टेकून पेंगत होती.

तिच्या शेजारी दुसरं डोकं होतं.

चेहरा दिसत नव्हता. डोकं खाली वाकलेलं, मांडीत काहीतरी बघत असल्यासारखं. भांगापासून कानापर्यंत पांढरं, आणि कानाखालून खांद्यावर आलेला काळा शेपटा. मांडीत काही नव्हतं. तरी ते डोकं हळूहळू मागे-पुढे होत होतं, शुभदाच्या सुरात, आणि शुभदाचा सूर तर केव्हाच थांबला होता.

सरांनी नजर रस्त्यावर आणली. ती पुन्हा वर नेली नाही. समोर वळण होतं. त्यांनी ते फार हळू घेतलं.

घरी आवडी दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. "आली गो माझी बाय! थांबा, थांबा, पाय नका टाकू!" ओवाळून झालं, डोळ्यांना पाणी लावून झालं आणि शुभदा, झोपेतून जागी झालेली, सगळ्यांच्या आधी आत शिरली, सोफ्यावर फतकल मारून बसली. "आणा इकडे. आणा म्हणते ना!" चैत्रालीने दिशाला तिच्या मांडीवर दिलं. आवडी म्हणाली, बाळ मास्तरांसारखं भुवया चढवतंय. शुभदा म्हणाली, पेपर तपासतंय. ओजसचा फोन आला, त्याला बाळाचं रडणं ऐकवलं. घर नुसतं गजबजून गेलं.

सर शेडमध्ये होते. इंजिन बंद केल्यावर त्यांनी मागचं डावं दार उघडलं आणि कालिंदीसाठी धरायचे तसं, एका हाताने वरची कड झाकून, धरून उभे राहिले. आतून हसण्याचा आवाज येत होता. बराच वेळ ते तसे उभे होते. कुणी उतरलं की नाही, ते त्यांना कळलं नाही. मग आवडीने चहाला हाक मारली, तेव्हा त्यांनी दार लोटलं आणि आत गेले.

दिशा आता रांगते. महाडच्या घरातल्या प्रत्येकाने तिला मांडीवर घेतलंय, शेजारच्या कुशाबांनीसुद्धा. कालिंदीच्या मांडीवर सरांनी तिला दिलेलं नाही.